आज कोणता वार?

आमच्या केसपेपरवर एक रकाना असतो : मुख्य तक्रार, रुग्णाच्या शब्दांत. इंदूरमध्ये सायकियाट्रिक सोशल वर्कर म्हणून चौदा वर्षं काम करतेय (रामबागेतल्या नातेवाइकांच्या भाषेत, ‘वेड्यांच्या दवाखान्यात असते’), पण त्या रकान्यात रुग्णाचे शब्द मी फार क्वचित पाहिलेत. माणूस निमाडीत बोलो, माळवीत बोलो की भिलीत, कागदावर उतरते ती डॉक्टरची हिंदी. त्या सोमवारी तिथे लिहिलं होतं : ‘असंबद्ध बडबड, तीन दिवसांपासून.’ ती बाई आमच्या दारात येऊन तेव्हा चाळीस मिनिटं झाली होती. तीन दिवस हा हवालदाराचा अंदाज.

बसस्टँडवर सापडली म्हणून पोलीस घेऊन आले होते. अर्जात ‘विक्षिप्त महिला’. अशा वेळी पोलिसांना आमच्याकडून फक्त पोच हवी असते, सामान जमा केल्यावर मिळते तशी. मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम 100 सांगतं की अशा व्यक्तीला लॉकअपमध्ये ठेवायचं नाही, 24 तासांच्या आत सरकारी दवाखान्यात आणायचं आणि हरवल्याची नोंद करून घरच्यांचा शोध घ्यायचा. यातला आणून सोडण्याचा भाग पोलिसांना तोंडपाठ आहे. शोधाचा भाग मी दर वेळी वाचून दाखवते. हवालदार म्हणाला, “मॅडम, पहले नाम तो बताए.”

नोंदणीच्या खिडकीवर नेहमीचंच. आधार? नाही. समग्र आयडी, म्हणजे मध्य प्रदेश सरकारचा ओळख क्रमांक? नाही. गरीब किंवा बेघर माणसाला उपचार मोफत, बीपीएल कार्ड असो वा नसो, असं त्याच कायद्याच्या कलम 18 मध्ये स्वच्छ लिहिलंय. त्या पानाची झेरॉक्स मीच खिडकीच्या काचेला आतून चिकटवून घेतली होती. बाबू आता त्या कागदाकडे बघत बघत आधार मागतो.

तपासणी पीजी, म्हणजे पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या डॉक्टरनं केली. मुलगा हुशार आणि मनानं चांगला आहे, हे आधीच सांगून ठेवते. तो दुसऱ्या राज्यातला, हिंदीही इथे येऊन शिकलेला. त्यानं पुस्तकाप्रमाणे प्रश्न विचारले. शंभरातून सात वजा करत जा. रस्त्यात तिकीट लावलेलं, पत्ता लिहिलेलं पाकीट सापडलं तर काय कराल? जिनं आयुष्यात पत्र टाकलं नाही तिची ‘निर्णयशक्ती’ आम्ही या प्रश्नावर तोलतो. मग म्हणीचा अर्थ, तोही हिंदी म्हणीचा. शेवटी, आज कोणता वार? यावर तिनं एक शब्द उच्चारला, तो त्याला कळला नाही. त्यानं खूण केली : काळाचं भान नाही.

तिच्या हातावरचं गोंदण आणि पायातले चांदीचे वाळे पाहून मी ठरवून टाकलं की ही बडवानीकडची बारेला आदिवासी असणार, नुसती भाषेची अडचण आहे, आजारबिजार काही नाही. तसं मी चारचौघांत बोललेही, आवाज चढवून. भाषा कळली नाही म्हणून माणसाला वेडं ठरवतात, ही गोष्ट मी प्रशिक्षणात दर वर्षी सांगते. तिचं नवं उदाहरण हाती लागल्याचा थोडा आनंदच झाला होता मला. तो आनंद आता आठवला की कसंतरी होतं.

बाराच्या सुमारास आमच्या मावशी पोछा घेऊन आल्या. ठेकेदाराचं माणूस, सासर पानसेमलकडचं, माहेर शहाद्याजवळ, त्यामुळे माझ्याशी मराठीत बोलतात. पलीकडे महाराष्ट्रात ज्यांना पावरा म्हणतात तेच इकडे बारेला. बादली बाजूला ठेवून त्या तिच्याशेजारी फरशीवरच बसल्या. पंधरा-वीस मिनिटं दोघी बोलत होत्या. मला तीन शब्दही कळले नाहीत.

“वार बरोबर सांगितलाय तिनं,” मावशी म्हणाल्या. “आज तिथला बाजार असतो.”

तिकडे कित्येक बायका वार मोजतात ते आठवड्याच्या हाटावरून. अमुक गावचा हाट म्हणजे अमुक वार. तिनं वार सांगितला होता आणि त्याबरोबर पत्ताही. आम्ही त्यावर फुली मारली होती. (हाटाचं नाव लिहीत नाही, त्यावरून गाव ओळखू येईल.)

“म्हणजे ठीक आहे ना ती?” मी विजयी मुद्रेनं पीजीकडे बघत विचारलं.

“ठीक कुठली, ताई? भाषा आमचीच आहे, पण बोलते ते सरळ नाही. गावातली माणसं डाकण म्हणतात, मारायला येतात म्हणते.”

“पण तसं म्हणत असतीलही ना तिकडे?”

“म्हणतात की. माझ्या चुलतसासूला म्हणायचे.” मग त्यांनी छताकडे बोट केलं. “पण डाकण म्हणणारी माणसं पंख्यातून बोलत नाहीत.”

भ्रमाची व्याख्या आम्ही पाठ केलेली असते : खोटा, पुराव्यानं न हलणारा आणि त्या माणसाच्या समाजातल्या इतरांना न पटणारा विश्वास. यातल्या शेवटच्या अटीसाठी तो समाज माहीत असलेला माणूस खोलीत लागतो. आमच्या खोलीत तो होता, पण हातात पोछा घेऊन. मावशींनी दोन वाक्यांत तिच्या बोलण्यातलं खरं आणि आजारातलं वेगळं करून दिलं. पीजीनं ते एकत्र केलं होतं आणि मी दुसरं नाकारलंच होतं.

“आणि तिला लेकरू आहे. पोलकं बघा.”

ओढणीखाली पोलकं दुधानं भिजलं होतं. बसस्टँडवरची महिला शिपाई, आधीच्या दवाखान्यातला कॅज्युअल्टी डॉक्टर, आमचा पीजी, नर्स आणि मी, पाच शिकलेल्या माणसांनी तिला पाहिलं होतं. पीजीनं जीभ चावली आणि पेपर मागून घेतला. आता सगळं चित्र बदललं. बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत उसळणारा सायकोसिस (वास्तवाचं भान सुटणं) ही आमच्याकडची खरी इमर्जन्सी. आईच्याही जिवाला धोका, बाळाच्याही. लवकर औषध मिळालं तर बहुतेक बायका त्यातून पूर्ण बाहेर येतात.

हाटाच्या नावावरून फोन सुरू केले. ब्लॉकचा दवाखाना, तिथून आशा सुपरवायझर, तिथून एका आशाचा नंबर, तो बंद, मग दुसरी आशा. चार वाजता ओळख पटली. दीड महिन्यापूर्वी बाळंत. आठवड्याभरात झोप उडाली, बाळाला कोणी बदलून ठेवलंय म्हणू लागली. बडव्याकडे, म्हणजे तिकडच्या मांत्रिकाकडे नेलं. त्याच सुमारास शेजारच्या घरात एक मूल दगावलं आणि बडव्यानं हिच्याकडे बोट दाखवलं. मारहाण झाली, ही पळाली. बाळ तिच्या आईकडे, बकरीच्या दुधावर.

म्हणजे पंख्यातले आवाज ज्यांचे होते ती माणसं खरीच होती.

पुढचं वॉर्डातलं. कलम 21 म्हणतं की 3 वर्षांखालच्या मुलाला उपचार घेणाऱ्या आईपासून सहसा वेगळं करायचं नाही. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये आई-बाळाला एकत्र ठेवण्याचा खास विभाग 2009 पासून आहे. आमच्याकडे पाळणासुद्धा नव्हता. इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या, इन्फेक्शन झालं तर जबाबदार कोण? प्रश्न चुकीचा नव्हता, पण गेली कित्येक वर्षं तो प्रश्न हेच आमचं उत्तर आहे. तिसऱ्या दिवशी भाऊ बाळ घेऊन आला, तेव्हा स्टाफरूममधला पलंग भिंतीला लावून खोली दिली. पुस्तकं बघून बाळाला दुधातून कमीत कमी जाईल अशी गोळी निवडली. मधले दोन दिवस मावशींनी तिचं दूध हातानं काढून ते टिकवलं होतं.

कलम 22 प्रमाणे रुग्णाला आजार आणि उपचार कळेल अशा भाषेत सांगायला हवे. 2011 च्या जनगणनेत भिली-भिलोडी (बारेलांची बोली त्यातच येते) बोलणारे 1 कोटीहून जास्त, काश्मिरी बोलणाऱ्यांपेक्षाही पुष्कळ. तरी ती राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत नाही आणि आमच्या पदांच्या यादीत दुभाषा नाही. मावशींना मी केसपेपरवर ‘माहिती देणारी व्यक्ती’ म्हणून नोंदवलं आणि पुढच्या ‘विश्वासार्ह / अविश्वासार्ह’मध्ये ‘विश्वासार्ह’वर दोनदा गोल केला. ठेकेदारानं त्यांची त्या दिवसाची अर्धी हजेरी कापली, वॉर्ड ओला राहिला म्हणून. ते पैसे मी दिले, त्यांनी घेतले, आणि दोघींनाही अवघडल्यासारखं झालं.

फाइलवरून पीजीशी माझं वाजलं ते वेगळंच. ‘गावकरी डाकण म्हणतात, मारतात’ हे भ्रमाच्या यादीत पहिलं होतं. मी म्हटलं, काढ, खरं आहे ते. तो म्हणाला, मॅडम, पंखा आणि डाकण एकाच वाक्यात सांगते ती, मी मधून कसं कापू? मला उत्तर सुचलं नाही. सरांनी, म्हणजे आमच्या वरिष्ठ डॉक्टरांनी, ते वाक्य ‘सामाजिक इतिहास’मध्ये हलवलं. तिथे कोणी वाचत नाही.

पंचविसाव्या दिवशी ती घरी निघाली. झोपत होती, बाळाला पाजत होती, पंखा गप्प होता. नवऱ्याकडे जायचं नव्हतं, भावाकडे राहायचं ठरलं. भावाचं घर त्याच फळियात (पाड्यात), नवऱ्यापासून चार घरं टाकून. माणसाला समाजातच राहण्याचा हक्क आहे हे कलम 19 मी किती तरी जणांना समजावलंय. कोणत्या समाजात, हे मला त्या दिवशी कोणी विचारलं नाही म्हणून सुटले. औषध पंधरा दिवसांचं, म्हणजे दर वेळी भावाची एक मजुरी आणि दोन बसची भाडी. जिल्ह्याच्या ठिकाणाहून मिळेल अशी चिठ्ठी दिली. मिळतं का ते बघायचंय.

निघताना भाऊ खुर्चीच्या कडेवर बसला आणि हिंदीत म्हणाला, कागदावर लिहून द्या.

“काय लिहून देऊ?”

“ही डाकण नाही म्हणून.”

मी सरांकडे गेले. दवाखाना असा दाखला देत नाही, देऊही शकत नाही, आणि दिला तर उद्या दुसरीसाठी नाही मिळाला तेव्हा ती डाकण ठरणार, असं सर म्हणाले. खरं होतं. शेवटी दवाखान्याच्या लेटरहेडवर लिहिलं की सदर महिलेला बाळंतपणानंतर मानसिक आजार झाला होता, उपचारानं सुधारणा आहे, उपचार चालू आहेत. म्हणजे एक नाव पुसायला आम्ही तिला दुसरं दिलं, आणि तेही सही करून. तिला विचारलं होतं का? मावशींमार्फत विचारलं. ती बाळाची टोपी बांधत होती, मान हलवली. त्या मान हलवण्याला संमती म्हणायचं का, हे मी अजून ठरवलेलं नाही.

भावानं कागद उलटसुलट पाहिला. त्याला वाचता येत नव्हतं. परत माझ्याकडे देऊन म्हणाला, शिक्का फिका आहे, जरा ठळक मारा.