तीन मीटर सरळ

आमच्या शाळेच्या अटल टिंकरिंग लॅबमध्ये, म्हणजे मुलांनी स्वतः वस्तू जोडून पाहायच्या प्रयोगशाळेत, सहावी-सातवीला मी पहिलं काम एकच देते: दोन मोटरींची गाडी फरशीच्या रेघेवरून तीन मीटर सरळ न्यायची. पाहुण्यांना हे फुसकं वाटतं, त्यांना टाळीवर वळणारा रोबो हवा असतो. पण दोन चाकांत 14 सेंटिमीटर अंतर असेल आणि एक चाक फक्त 1 टक्का मागे पडलं, तरी तीन मीटरवर गाडी फूटभर बाजूला जाते. आणि आमच्या बॅटरीवरच्या पिवळ्या बीओ मोटरी, आत 1:48 चे (मोटरीचे 48 फेरे, चाकाचा एक) प्लास्टिकचे गिअर, एका खोक्यातल्या दोनसुद्धा सारख्या फिरत नाहीत.

पहिला तास गाडी जागच्या जागी गरगरण्यात जातो, कारण मोटरी एकमेकींच्या उलट बसतात. दोन्हींना सारखीच वायर जोडली की एक पुढे पळते, एक मागे. दुसरा तास बॅटरी खाते. किटबरोबर 9 व्होल्टची चौकोनी बॅटरी येते. मोटर सुरू होताना लागणारा करंट तिला झेपत नाही, व्होल्टेज कोसळतं, आर्डुइनो (गाडी चालवणारा छोटा कॉम्प्युटर) रीसेट होतो आणि मुलं म्हणतात, भूत आहे. किट ठरवणाऱ्याने ते एकदा तरी जोडून पाहिलं असतं तर! आम्ही पुन्हा चार्ज होणारे लिथियमचे दोन सेल (18650 नावाचे) लावतो.

त्या दिवशी दोन गटांच्या गाड्या डावीकडेच जात होत्या, तीन मीटरवर जवळजवळ एका फरशीएवढ्या. एका मुलाने उजव्या मोटरीचा पीडब्ल्यूएम, म्हणजे मोटरीला किती वीज द्यायची तो कोडमधला आकडा, 200 वरून हळूहळू 194 वर आणला. गाडी सरळ! तपासणीला आलेल्या साहेबांनी पाठ थोपटली, फोटो काढला.

दुसऱ्या गटातली सातवीतली मुलगी मात्र कोडला हात लावेना. तिने मोटरी चाकांसकट अदलाबदल केल्या. ओढ डावीकडेच. ड्रायव्हरच्या, म्हणजे मोटरींना वीज पोचवणाऱ्या सर्किटच्या, वायरी बदलल्या. तरी डावीकडेच. मग गाडी पुस्तकांवर उचलून ठेवली, दोन्ही चाकांना कागदाच्या चिठ्ठ्या चिकटवल्या आणि मैत्रिणीला फेरे मोजायला बसवलं. हवेत दोन्ही चाकं बरोबरीने. तेव्हा म्हणाली, "मॅडम, गाडी एका अंगाला भरलीय." घरी उसाची बैलगाडी असलेल्या पोरीला हे शिकवावं लागलं नाही. सेलचा होल्डर डाव्या चाकाच्या वर होता, कारण चासीला (गाडीच्या सांगाड्याला) भोकंच तिथे पाडलेली. तिने तो डबल टेपने मधोमध चिकटवला. 200 आणि 200 वर गाडी जवळपास रेघेवरून गेली. साहेब तोवर चहाला गेले होते.

दुपारनंतर सेल उतरले आणि त्या मुलाची गाडी पुन्हा डावीकडे झुकू लागली. वजनामुळे डाव्या चाकाचा जो वेग कमी होतो तो व्होल्टेज घटलं तरी साधारण तेवढाच राहतो. एकूण वेग घटल्यावर तोच फरक जास्त भोवतो. 194 हा आकडा भरलेल्या सेलपुरता होता. मी म्हटलं, चला, आता हाही होल्डर हलवेल. त्याने नाही हलवला. म्हणाला, "मॅडम, चाक किती फिरलं ते गाडीलाच कळलं पाहिजे. मग मी आकडा बदलायची गरज नाही."

इथे मी अडकले आहे. मूळ कारण शोधलं तिने, आणि पद्धतीने शोधलं. आमच्या बीएडच्या वर्गात इतकी स्वच्छ तपासणी कुणी केली नव्हती. पण फरशी उद्या बदलेल, मोटर झिजेल, आणि तेव्हा त्याचाच प्रश्न कामाला येईल. वहीत दोघांच्या गुणांची जागा अजून कोरी आहे.

त्याला हवी असलेली वस्तू अर्धी आमच्याकडेच आहे. किटमध्ये 20 खाचांच्या काळ्या चकत्या येतात, मुलं त्यांचे भोवरे करतात. 65 मिलिमीटरच्या चाकाचा घेर साधारण 20.4 सेंटिमीटर, म्हणजे एक खाच पुढे सरकली की गाडी जेमतेम सेंटिमीटरभर चालली. खाचा मोजणारे सेन्सर तेवढे किटमध्ये नाहीत. मी मागणीपत्र भरलं, 'उद्देश' या रकान्यात लिहिलं: रोबो सरळ चालवणे. मुख्याध्यापकांनी चष्म्यावरून पाहिलं.

"पण साहेबांसमोर तर तो सरळच चालला होता ना?"