‘त्यांचं स्वतःचं असं काय आहे तिथे?’

फिलिपिन्सचं नाव काढलं की हा प्रश्न येतोच. नातेवाईक विचारतात, रत्नागिरीतले शेजारी विचारतात. जून २०२५पासून भारतीय पर्यटकांना चौदा दिवस व्हिसाशिवाय जाता येऊ लागलं, तेव्हापासून तर जरा जास्तच विचारतात. समुद्रकिनारे सुरेख आहेत हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण संस्कृती बघायला तिथे कशाला जायचं, असं त्यांचं म्हणणं. माणसांची नावं स्पॅनिश, धर्म स्पेनने दिलेला, इंग्रजी अमेरिकेने शिकवलेलं. मग त्यांचं स्वतःचं असं काय आहे?

मी जहाजावर इंजिनरूममध्ये नोकरी केली. घरच्यांपेक्षा जास्त जेवणं फिलिपिनो माणसांच्या पंगतीला झाली आहेत. त्यामुळे हा प्रश्न मला लागतो. तुम्हीही तेच विचारलंत म्हणून नीट सांगतो.

मनिलात उतरलात की आधी मानववंशशास्त्राच्या राष्ट्रीय संग्रहालयात जा. तिकीट नाही. तिथे तांब्याचा एक काळपट पत्रा ठेवलाय, वहीच्या पानापेक्षा थोडा मोठा. १९८९च्या सुमारास लागूना प्रांतात नदीच्या मुखाशी वाळू उपसताना तो सापडला. लिपी कावी, भाषा जुनी मलय, मध्ये मध्ये संस्कृत. सुरुवात मात्र आपल्याला कुणी समजावून सांगावी लागत नाही : स्वस्ति, शकवर्ष ८२२, वैशाख मास, कृष्ण पक्षातली चतुर्थी, सोमवार. म्हणजे इसवी सन ९००चा एप्रिल. स्पेनतर्फे निघालेला दर्यावर्दी मॅगेलन त्या बेटांवर पोचला तो १५२१ साली.

पत्र्यावर देवाची स्तुती नाही की राजाची बिरुदं नाहीत. नामवरान नावाच्या माणसाचं सोन्याचं कर्ज फिटलं, आता त्याच्या मुलांनातवंडांकडे कुणी काही मागायचं नाही, अशी ती फारखत आहे. बापाचं कर्ज मुलांच्या डोक्यावर राहू नये म्हणून एवढी खटपट. त्या काचेपुढून माझा पाय लवकर निघत नाही. आपली काही मंडळी हे ऐकून लगेच म्हणतात, बघा, सगळं भारतातूनच गेलं. तेही बरोबर नाही. पत्र्यावर ज्या गावांचे प्रमुख नोंदवलेत त्यातली बरीच गावं तिथलीच मानली जातात. त्यातलं तुंदुन म्हणजे आजच्या मनिलातलं तोंदो, असं बहुतेक अभ्यासक मानतात. महिना, तिथी बाहेरून आली, पण व्यवहार त्यांचा होता. बाहेरून आलेली वस्तू आपल्या कामाला लावायची ही रीत तिथे स्पेनच्या आधीपासून आहे. हे एकदा लक्षात आलं की पुढचा देश वेगळा दिसायला लागतो.

उदाहरणार्थ, इलोइलो प्रांतातलं मियागाओचं चर्च. १७९७ साली पुरं झालं, पिवळट दगडाचं, किल्ल्यासारखं जाड, कारण समुद्रावरून हल्ले व्हायचे. १९९३ साली युनेस्कोने आणखी तीन चर्चेससोबत ते जागतिक वारसा यादीत घेतलं. बांधायला लावलं स्पॅनिश पाद्र्यांनी. पण दर्शनी भिंतीकडे मान वर करून बघा. बाळ येशूला खांद्यावर घेऊन नदी ओलांडणारा संत ख्रिस्तोफर नारळाच्या झाडाजवळ उभा आहे, आजूबाजूला पपई आणि पेरू. पपई आणि पेरूही मूळचे तिथले नव्हेत. मेक्सिकोहून मनिलाला येणाऱ्या गलबतांच्या काळात ते पोचले. पण कोरणाऱ्याच्या परसात ते होते, म्हणून ते भिंतीवर आले.

विगान या स्पॅनिश काळातल्या जुन्या गावाबद्दल फार लिहीत नाही, कारण त्याचे फोटो सगळीकडे आहेत. फरसबंद रस्ता, घोडागाड्या, शिंपल्यांच्या तावदानांच्या खिडक्या. जरूर जा, पण एक रात्र राहा. दिवसाची गर्दी ओसरल्यावर ते गाव खरं वाटतं.

इफुगाओच्या डोंगरातली भातखाचरं मात्र मला सावकाश सांगायची आहेत. मनिलाहून रात्रीची बस पकडली की सकाळी बानावेला उतरता येतं. वीस पेसोंच्या नोटेवर छापलेला देखावा तिथल्या रस्त्यावरून दिसतो आणि बरेच जण तो मोबाइलमध्ये घेऊन परततात. पण १९९५ साली युनेस्कोने ज्या पाच ठिकाणांची खाचरं यादीत घेतली, त्यात तो देखावा नाही. त्यातलं बाताद गाठायला पुढे जीपनी नावाची तिथली प्रवासी गाडी आणि मग पायवाट. गाव खाली, आणि त्याच्या तिन्ही बाजूंनी दगडी बांधांवर रचलेली खाचरं.

भातशेती केलेल्या माणसाने बातादला अर्धा दिवस तरी नुसतं पाणी बघावं. माथ्यावरचं राखलेलं रान, त्याला मुयोंग म्हणतात, पाऊस धरून ठेवतं. तिथून पाट, पाटातून वरचं खाचर, वरच्यातून खालचं. एकाने बांधाकडे दुर्लक्ष केलं तर खालच्या चौघांचं भात जातं. म्हणून बांध एकट्याचा नसतो. लावणी-कापणीला आणि मयताच्या जागरणाला बायका हुदहुद नावाची लांबलचक कथागीतं गातात. एक म्हातारी पुढे आणि बाकीच्या मागे. पूर्ण गायला तीन-चार दिवस लागतात.

ही खाचरं दोन हजार वर्षांची, असं पाट्यांवर वाचाल. अलीकडच्या उत्खननांतून पुरातत्त्वज्ञ वेगळं सांगतात : पाण्यातलं भात तिथे सुमारे चारशे वर्षांपूर्वी वाढलं, स्पॅनिश सत्तेपासून लांब राहायला माणसं डोंगरात वर सरकली तेव्हा. काहींना यात खाचरांचा मान कमी झाल्यासारखं वाटतं. मला उलट वाटतं. तलवारीपुढे मान न तुकवता जे लोक डोंगर चढले आणि काही पिढ्यांत एवढं उभं करून दाखवलं, त्यांच्याबद्दलचा आदर वाढतोच. २००१ साली ही खाचरं धोक्यातल्या वारशाच्या यादीत गेली, कारण पोरं शहरात गेली आणि बांध ढासळायला लागले. २०१२ साली ती त्या यादीतून बाहेर आली. बांध अजूनही हातानेच रचावे लागतात.

आणि लुकबान. हे क्वेझोन प्रांतातलं गाव मला आमच्या जहाजावरच्या बोसनमुळे, म्हणजे खलाशांच्या मुकादमामुळे, कळलं. १५ मे रोजी तिथे पाहियास असतो, सान इसिद्रोचा सण. हा संत माद्रिदचा शेतमजूर. पण त्याच्या नावाने लुकबानची माणसं आपलं पीक घराच्या दर्शनी भिंतीवर मांडतात : भाताच्या लोंब्या, भोपळे, मिरच्या, नारळ, विणलेल्या टोप्या. आणि त्यावर किपिंग. बोसनच्या आईला, सगळे तिला नानाय म्हणत, किपिंग करताना पाहिलं आणि मला आमची वैशाखातली ओटी आठवली, कारण त्या आमच्या सालपापड्याच होत्या. भिजवून वाटलेले तांदूळ, त्यात लाल, हिरवा, पिवळा रंग. ते पीठ पानाच्या पाठीवर पातळ पसरायचं, वाफवायचं, निवलं की देठाकडून अलगद सोलायचं. पानाची शीर न् शीर त्यावर उमटते. नानाय घाई करू देत नव्हती; गरम असताना ओढलं की कडेला फाटतं. वाळल्यावर वजनाखाली दाबून सरळ करतात आणि मग शेकडो पानं ओवून झुंबरं बांधतात. सण संपला की ती तळून खातातही. मिरवणुकीचा मार्ग दर वर्षी बदलतो, त्यामुळे प्रत्येक आळीला सजायची पाळी येते.

आता सांगा, हे स्पेनचं कसं?

दक्षिणेकडच्या मिंदानाओ बेटावरच्या मारानाओ लोकांचं दारांगेन महाकाव्य, त्यांच्याकडे महारादिया लावाना या नावाने सांगितली जाणारी रावणाची गोष्ट, सेबूचा जानेवारीतला सिनुलोग सण, हे सगळं एका पत्रात मावणार नाही. पण जाताना त्यांचं वर्ष बघून जा. सिनुलोगचा मोठा दिवस जानेवारीतला तिसरा रविवार. डिसेंबरच्या १६ ते २४ तारखांना पहाटेच्या प्रार्थना असतात. चर्चबाहेर खाली-वर निखारे ठेवून भाजलेली बिबिंगका, म्हणजे तांदळाचा केक, मिळते, ती गरमच खा. मे महिना गाठायचा असेल तर लुकबानची खोली फार आधी ठरवा, नाहीतर शेजारच्या गावात राहून पहाटेच या, कारण नंतर गाडी आत घेता येत नाही इतकी गर्दी असते. बातादला वाटाड्या गावातलाच घ्या आणि मुक्काम गावातल्याच घरी करा. तुमचे पैसे तिथे बांध रचणाऱ्याच्या हातात पडले पाहिजेत. शाकाहारी असाल तर सोबत थोडं न्या. भात कुठेही मिळेल, पण भाजीत मासा किंवा डुक्कर नाही ना, हे प्रत्येक वेळी विचारावं लागेल. विचारलंत तर ते मनापासून वेगळं करून देतील.