तुम्ही विचारलंत म्हणून: मशरूमच्या सुपाला दाटपणा कशाने येतो?

बेळगावात पावसाची झड लागली की एक प्रश्न मला हमखास विचारला जातो: “काकू, तुम्ही मशरूमच्या सुपात क्रीम किती घालता?” शेजारणी विचारतात, नात्यातल्या नव्या सुना विचारतात आणि भिशीला जमलेल्या मैत्रिणीही विचारतात. विचारणाऱ्या बहुतेकींनी घरी सूप करून पाहिलेले असते, क्रीमचे सबंध पाकीट त्यात रिकामे केलेले असते आणि तरीही वाटीत आलेले सूप पातळ, पांढुरके आणि चवीला दुधासारखे लागलेले असते. माझे उत्तर ऐकून त्यांना आश्चर्य वाटते. चार माणसांच्या सुपात मी घरच्या म्हशीच्या दुधावरची चार मोठे चमचे साय घालते, आणि तीही गॅस बंद केल्यानंतर. सुपाचा दाटपणा तोपर्यंत जवळजवळ सगळा येऊन गेलेला असतो. तो येतो आधी मशरूमच्या अंगातले पाणी घालवण्यातून आणि मग त्याच मशरूममधला मोठा भाग वाटून पुन्हा सुपात मिसळण्यातून.

बाजारात 200 ग्रॅमच्या पाकिटात मिळणाऱ्या पांढऱ्या बटण मशरूममध्ये वजनाच्या 90 टक्क्यांहून अधिक पाणी असते. दोन पाकिटे घेतली तर त्यात 360 मिलिलिटरपेक्षा जास्त पाणीच आहे, असे धरून चालावे. मशरूम चिरून थोडे वाफवले आणि लगेच दुधात सोडले, तर हे सगळे पाणी सुपातच उतरते आणि मग कितीही क्रीम ओतले तरी ते त्या पाण्याशी झगडत राहते. नुकसान केवळ दाटपणाचे होत नाही. भांड्यात पाणी आहे तोवर त्याचे तापमान 100 अंशांच्या पुढे फारसे सरकत नाही, आणि भाजल्याचा जो तांबूस रंग व खमंग वास आपल्याला हवा असतो तो साधारण 140 अंशांच्या आसपास तयार होऊ लागतो. म्हणून पाणी पूर्णपणे आटल्याशिवाय मशरूमला स्वतःची चव येत नाही, आणि ज्या सुपात मशरूमची चव उतरलेली नाही ते क्रीमने फक्त जड होते.

मशरूम परतण्याच्या कामाला मी सर्वांत जास्त वेळ देते. चारशे ग्रॅम मशरूम वाहत्या पाण्याखाली भराभर धुवून कोरड्या पंचावर पुसून घ्यावेत. ते धुतल्याने पाणी पितात ही भीती बाळगू नये, कारण इतक्या थोड्या वेळात ते नाममात्र पाणी शोषतात, आणि मातीचे कण सुपात येण्यापेक्षा ते केव्हाही बरे. देठ वेगळे काढून ठेवावेत आणि टोप्यांच्या फार पातळ नसलेल्या चकत्या कराव्यात. मग जाड बुडाच्या पसरट कढईत चकत्या आणि जेमतेम अर्धी वाटी पाणी घालून मोठ्या आचेवर ठेवावे. आटवायचे असताना पाणी कशाला घालायचे, असा प्रश्न इथे नेहमी येतो. कच्च्या मशरूमच्या आत बारीक पोकळ्या असतात आणि तुपात थेट टाकले तर त्या पोकळ्या सगळे तूप पिऊन टाकतात. आधी पाण्यात शिजून मशरूम आक्रसले की त्या पोकळ्या मिटतात आणि नंतर अगदी थोड्या तुपात काम भागते.

पाणी आटत आले की कढईतला आवाज बदलतो. खदखद थांबून चरचर सुरू होते, आणि त्या वेळी एक मोठा चमचा तूप सोडावे. लोणी इथे घालू नये, कारण त्यातला दुधाचा अंश या आचेवर करपतो. तूप ही आच सहज सोसते. आता सतत ढवळण्याचा मोह आवरावा. चकत्या पसरून ठेवाव्यात, खालची बाजू बदामी झाली की उलटाव्यात, पुन्हा तसेच करावे. पाणी घातल्यापासून हे सगळे होईपर्यंत वीस मिनिटे सहज जातात. इतका वेळ विस्तवावर राहून मशरूम गळून जातील, अशी काळजी करू नये. भाजीच्या पेशींना बांधून ठेवणारे पेक्टिन उष्णतेने विरघळते म्हणून बटाटा किंवा भोपळा मऊ होतो. मशरूमच्या पेशींची भिंत कायटिनची असते आणि ती शिजवून विरघळत नाही. मीठ मात्र शेवटी घालावे. चारशे ग्रॅमचा तो ढीग आता मूठ-दोन मूठ उरलेला असतो आणि घरभर त्याचा वास सुटलेला असतो.

परतलेले मशरूम काढून त्याच कढईत, न धुता, दोन मोठे चमचे लोणी घ्यावे आणि त्यात एक मध्यम कांदा व चार लसूण पाकळ्या बारीक चिरून मंद आचेवर पारदर्शक होऊ द्याव्यात. कढईच्या बुडाला जे तांबूस चिकटलेले असते ते कांद्याच्या ओलाव्याने सुटून येते, आणि तीच या सुपाची खरी कमाई आहे. मग दोन मोठे चमचे मैदा घालून तो दोन-तीन मिनिटे भाजावा. मैद्याचा कच्चा वास गेला पाहिजे, पण रंग बदलता कामा नये. लोण्यात मैदा भाजून त्यावर सूप बांधण्याची ही पद्धत फ्रेंच स्वयंपाकातली आहे आणि ती मला आजही कॉर्नफ्लोअरपेक्षा सरस वाटते. कॉर्नफ्लोअर झटपट घट्ट करते, पण त्याचे सूप जिभेवर बुळबुळीत लागते आणि पुन्हा गरम करताना पातळ होण्याचा संभव असतो. ज्यांना मैदा चालत नाही त्यांनी एक लहान बटाटा उकडून, हाताने कुस्करून, पुढे सूप वाटून झाल्यावर घालावा. मिक्सरमध्ये बटाटा फिरवला तर त्याचा चिकट लगदा होतो.

बाजूला ठेवलेले देठ, कांद्याचे एक टोक, गाजराचा तुकडा आणि चार मिरीदाणे 600 मिलिलिटर पाण्यात वीस मिनिटे उकळून गाळून घेतले की सुपासाठी सुमारे अर्धा लिटर सार मिळते. कोबी, फ्लॉवर यांचे देठ त्यात घालू नयेत, त्यांचा उग्र वास मशरूमवर मात करतो. हे सार मैद्यावर थोडे थोडे ओतत गुठळ्या मोडाव्यात, त्यात परतलेल्या मशरूमपैकी दोन तृतीयांश घालावेत आणि दहा मिनिटे मंद उकळावे. उरलेला एक तृतीयांश भाग सुपात दाताखाली यावा म्हणून तसाच राखून ठेवावा. उकळलेले मिश्रण थोडे निवल्यावर मिक्सरमध्ये वाटावे. भांडे अर्ध्यापेक्षा जास्त भरू नये आणि झाकण घट्ट दाबून वाफ कोंडू नये, कारण कोंडलेली वाफ झाकण उडवते आणि गरम सूप हातावर येते. वाटलेले मिश्रण पाहिले की दाटपणाविषयीच्या प्रश्नाचे उत्तर डोळ्यांना दिसते. त्यात अजून दुधाचा एक थेंबही पडलेला नसतो आणि तरी ते चमच्याच्या पाठीवर थर धरते.

आता दुधाकडे वळते, कारण या बाबतीत आपल्या भागातली घरे भाग्यवान आहेत. ज्या गावाचे नाव कुंदा या दुधाच्या मिठाईमुळे दूरवर पोचले आहे तिथे चांगल्या दुधाचे महत्त्व कोणाला सांगायला नको. म्हशीच्या दुधात साधारण 6 ते 7 टक्के स्निग्धांश असतो, गाईच्या दुधात तो 4 टक्क्यांच्या आसपास. आणि दूध तापवून निवल्यावर म्हशीच्या दुधावर जी साय धरते तिच्यात विकतच्या क्रीमला हार जाण्यासारखे काही नसते. मी वाटलेल्या मिश्रणात एक वाटी, म्हणजे सुमारे 250 मिलिलिटर, कोमट दूध घालते आणि एक हलकी उकळी येऊ देते. मैद्यातला स्टार्च मिश्रणात असल्यामुळे दूध या टप्प्यावर सहसा फाटत नाही. मग गॅस बंद करते आणि साय घालते.

सायीच्या बाबतीत दोन गोष्टींची खबरदारी घ्यावी लागते. आपल्या घरोघरी लोण्यासाठी साय साठवण्याचे पातेले फ्रिजमध्ये असते आणि त्यात विरजण लावलेले असते. ती साय सुपात कधीही घालू नये. तिच्यातला आंबटपणा गरम दुधाला फाडतो आणि सुपात कण्या दिसू लागतात. सुपाला त्याच दिवसाची किंवा आदल्या दिवसाची गोडी साय हवी. दुसरे असे, की ती मिक्सरमध्ये फिरवू नये. थोडे जास्त फिरले की लोण्याचे गोळे निराळे होतात. वाटीत साय घेऊन त्यात दोन चमचे गरम सूप घालावे, चमच्याने घोटून एकजीव करावे आणि मग ते सगळे सुपात सोडावे. बाजारातले साधारण 25 टक्के स्निग्धांशाचे क्रीम वापरायचे असेल तर अर्धी वाटी पुरते, पण तेही गॅस बंद केल्यावरच. लिंबू अजिबात पिळू नये.

मसाल्यांविषयी फार सांगण्यासारखे नाही. ताजी कुटलेली मिरी आणि नखभर किसलेले जायफळ पुरे. गरम मसाला, दालचिनी, कोथिंबीर यांना इथे जागा नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. तिखटाची सवय असलेल्या घरात मिरीच थोडी वाढवावी, संकेश्वरी मिरचीला या सुपात ओढू नये. तिचे काम वेगळ्या ताटात आहे.

मशरूम स्वस्त मिळाले की दोन पाकिटे जास्त आणून त्यांच्या पातळ चकत्या कडक उन्हात खडखडीत वाळवाव्यात आणि पूड करून घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवावी. ताज्या मशरूममध्ये ग्लुटामेट हे चव भरीव करणारे द्रव्य मुळातच असते, आणि वाळलेल्या मशरूमची चव त्याहून दाट व खोल लागते. शिवाय मशरूममधल्या एर्गोस्टेरॉलचे सूर्यप्रकाशात ड-2 जीवनसत्त्वात रूपांतर होते, हाही लाभ आहे. उकळत्या सारात ही पूड एक चहाचा चमचा घातली तर पावसाळ्यातल्या फिक्या मशरूमचेही सूप भरदार होते.

याच प्रश्नाला जोडून आणखी एक प्रश्न येतो, आणि त्याचे उत्तर मी जरा कठोरपणे देते. रानातली अळंबी या सुपात घालावी का? खानापूर तालुक्यात, जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला, पाऊस सुरू झाल्यावर वारुळांवर जी अळंबी उगवते ती वाळवीच्या वसाहतीशी बांधलेली असते. वाळवी तिला जमिनीखाली पोसते, म्हणूनच ती शेडमध्ये पिकवता येत नाही आणि म्हणूनच ती वर्षातून थोडेच दिवस दिसते. इतकी दुर्मीळ वस्तू वाटून दुधात बुडवणे मला पटत नाही. तिला ओल्या खोबऱ्याचे वाटण, कांदा आणि दोन आमसुले पुरतात. तिची गोडसर चव आणि तिचे धागे त्यातच कळतात. बटण मशरूमला भाजून चव आणावी लागते, हिला ती जन्मतःच असते.

कठोरपणाचे कारण मात्र दुसरे आहे. शहरात वाढलेल्या मुलांना हल्ली सहलीला गेल्यावर रानातल्या छत्र्या खुडून आणण्याची हौस वाटते. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी ही अळंबी ओळखली आहे अशा जाणत्यांशिवाय कोणीही ती तोडू नये. चांदीचा चमचा काळा पडला तर विषारी, लसूण काळी पडली तर विषारी, किडे लागले असतील तर खाण्याजोगी, या सगळ्या समजुती खोट्या आहेत. काही विषारी जातींचे विष कितीही उकळले तरी नष्ट होत नाही, आणि त्याची लक्षणे कित्येक तासांनी दिसतात, तेव्हा यकृताला इजा होऊन गेलेली असते. शंका आली तर टाकून द्यावी.

बटण मशरूम न मिळाल्यास धिंगरी, म्हणजे ऑयस्टर मशरूम, हा योग्य पर्याय आहे. ती भाताच्या पिंजरावर वाढते आणि आपल्या तालुक्यांत पिंजराला तोटा नाही, त्यामुळे शेतकरी घरांनी तिच्याकडे लक्ष द्यावे असे मला मनापासून वाटते. तिला बटण मशरूमइतकी थंड खोलीही लागत नाही. सुपासाठी धिंगरी सुरीने न चिरता हाताने उभी फाडावी, बुडखा काढून टाकावा आणि बाकी कृती तीच ठेवावी. तिचे सूप रंगाने थोडे फिके होते, चवीने नाही.

सूप वाढताना राखून ठेवलेल्या चकत्या तुपात क्षणभर गरम करून प्रत्येक वाटीत वरून घालाव्यात. सोबत कॅम्पातल्या बेकरीचा पाव भाजून चांगला लागतोच, परंतु मला स्वतःला ज्वारीची पातळ कडक भाकरी अधिक आवडते. तिचा तुकडा सुपात बुडवला तरी लगेच विरघळत नाही आणि तिचा भाजका वास मशरूमच्या वासाशी जुळतो.

पाहुणे उद्या येणार असतील तर सूप आजच वाटून, दूध आणि साय न घालता, फ्रिजमध्ये ठेवावे. ते दोन दिवस चांगले राहते. साय घातलेले सूप उरले तर दुसऱ्या दिवशी मंद आचेवर, ढवळत, वाफ येण्यापुरतेच गरम करावे आणि जास्त घट्ट वाटल्यास त्यात पाणी न घालता थोडे दूध घालावे.