तुम्ही विचारलंत म्हणून: चेंडूमागे उभी राहून मी काय विचार करते

"काकू, चेंडू समोर आहे, झेंडा दिसतोय, अंतर बॅग उचलणाऱ्या कॅडीनं सांगितलंय. मग मागे उभं राहून एवढा कसला विचार करता?"

परवा माझ्याबरोबर गोल्फचे नऊ होल खेळलेल्या एका नव्या मुलीनं हे विचारलं. तिच्याआधीही बऱ्याच जणांनी विचारलंय, आणि दर वेळी पुढच्या टीकडे, म्हणजे पुढचा होल सुरू होतो त्या जागेकडे, चालता चालता दोन वाक्यांत काहीतरी सांगून मी मोकळी होते. आज नीट सांगते, कारण गोल्फमधला माझा सगळ्यात आवडता भाग हाच आहे. ड्राइव्ह, म्हणजे टीवरचा पहिला फटका, लांब गेला की आनंद होतोच, पण ग्रीनकडे (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवताकडे) मारायचा फटका आणि ग्रीनभोवतीचे छोटे फटके यांत जे डोकं लागतं, त्यासाठी मी पहाटे पाचला उठते.

झेंड्याकडे मी सगळ्यात शेवटी बघते. चेंडूजवळ पोचताना नजर खाली असते, चेंडू कसा बसलाय ते पाहत. आमच्या येरवड्याच्या कोर्सवर हरळी आहे. जगभरचे गोल्फर जिला बर्म्युडा म्हणतात ती हीच, आणि आपण गणपतीला वाहतो त्या दूर्वाही याच गवताच्या. पात चिवट. चेंडू तिच्यावर उचलून बसला असेल तर उत्तमच. आत रुतला असेल तर क्लबचा मारायचा पृष्ठभाग आणि चेंडू यांच्यामध्ये गवत येतं, स्पिन मिळत नाही, आणि चेंडू ग्रीनवर पडून थांबायच्या ऐवजी पळत सुटतो. अशा वेळी पिन, म्हणजे होलमधला झेंडा, पुढच्या कडेला असेल तर तिचा नाद मी तिथंच सोडते. पावसाळ्यात चिखलही बघावा लागतो. चेंडूच्या उजव्या अंगाला चिखल असेल तर तो हवेत बहुधा डावीकडे ओढला जातो.

मग अंतर. कॅडी म्हणतो, "पिन एकशे अठरा." मला त्या एका आकड्यात फारसा रस नसतो. ग्रीनची पुढची कड किती, मागची किती, हे मी आधी विचारते. पुढची १०५ यार्ड आणि मागची १३० असेल, तर त्या ग्रीनवर माझे तीन वेगवेगळे क्लब बसतात. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच, इथली हवा थोडी विरळ. मुंबईत चेंबूरला खेळायला गेले की माझ्या त्याच सात नंबरच्या आयर्नचा (लोखंडी डोक्याच्या क्लबचा) चेंडू दोन-तीन यार्ड आधीच पडतो. वारा समोरून असला की आणखी आधी. आम्हा हौशी लोकांचे फटके लांब जाऊन कमी आणि तोकडे पडून जास्त चुकतात. कारण क्लब निवडताना आपल्याला आठवतो तो आयुष्यात कधीतरी कडकडीत बसलेला एकच फटका. मी आठवते ते गेल्या महिन्यातले दहा, आणि त्यांतला मधला धरते.

एवढं झालं की खरा प्रश्न येतो: चुकले तर कुठे चुकायला चालेल? हे मी टीव्हीवर बघून शिकले. २०१९ च्या मास्टर्सचा, म्हणजे अमेरिकेत ऑगस्टाला होणाऱ्या मोठ्या स्पर्धेचा, शेवटचा रविवार. ऑगस्टाचा बारावा होल फक्त १५५ यार्डांचा, पार तीन, म्हणजे तीन फटक्यांत पुरा करायचा. ग्रीनच्या पुढ्यात रेज क्रीकचं पाणी, आणि शेवटच्या दिवशी पिन ठरलेली उजवीकडे. शेवटच्या दोन गटांतले चौघे त्या पाण्यात गेले: कोएप्का, पोल्टर, मोलिनारी, फिनाऊ. मोलिनारी तेव्हा दोन फटक्यांनी पुढे होता. त्याचा चेंडू पाण्यात गेलेला टायगर वूड्सनं बघितला आणि मग पिनकडे न बघता चेंडू डावीकडे, बंकरवरून (वाळूच्या खड्ड्यावरून) ग्रीनवर टाकला. दोन पट, म्हणजे ग्रीनवरचे घरंगळते फटके, आणि पार. टीव्हीवर तो फटका कुणी दहा वेळा दाखवावा असा नव्हता. शेवटी तो एका फटक्यानं जिंकला, वयाच्या ४३ व्या वर्षी. आयर्न पकडण्यातही जिची त्याच्याशी बरोबरी नाही अशी मी, पिन कोपऱ्यात आणि अलीकडे बंकर दिसला की तो रविवार आठवते आणि ग्रीनच्या मधोमध बघते. पिन लांब राहिली तर राहिली, हातात पटर तर असेल.

छोट्या फटक्यांत मात्र विचाराची सुरुवातच वेगळीकडून होते, आणि ती मला आमच्या कोर्सवरच्या एका जुन्या कॅडीनं शिकवली. त्यांना सगळे मामाच म्हणतात. मी तेव्हा नवी होते, ग्रीनबाहेरून प्रत्येक चिप, म्हणजे ग्रीनवर टाकायचा छोटा फटका, सँड वेज नावाच्या तिरक्या क्लबनं उंच उडवायची. त्यांनी माझ्या हातातून क्लब काढून घेतला आणि चेंडू दिला. "ताई, आधी हातानं टाका." मी खालून हात नेऊन चेंडू पिनकडे टाकला. तो ग्रीनच्या कडेच्या जरा आत पडला आणि घरंगळत होलजवळ जाऊन थांबला. "आता सांगा, चेंडू पडला कुठं?" मी जागा दाखवली. "मग क्लबनं पण तिथंच पाडा. पुढचं ग्रीन बघतंय."

हातानं टाकताना कुणीच चेंडू उंच उडवत नाही, हे तोवर माझ्या लक्षातच आलं नव्हतं. तेव्हापासून क्लब शेवटी येतो, जागा आधी. ही जागा शक्यतो ग्रीनवर, कडेपासून एक पाऊल आत, आणि सपाट. फ्रिंजवर (ग्रीनच्या किनारीवर) किंवा रफमध्ये (वाढलेल्या गवतात) टप्पा घेतला की चेंडू कुठं उसळेल याचा भरवसा नसतो. मग पावलं मोजायची: चेंडूपासून त्या जागेपर्यंत किती, तिथून होलपर्यंत किती. समजा, तीन आणि बारा. म्हणजे जितकं उडायचं त्याच्या चौपट पळायचं. आता ठरलेल्या बारातून (हा आकडा नेहमी तोच, पावलांच्या बाराशी त्याचा संबंध नाही) चार वजा केले की आठ, तर आठ नंबरचं आयर्न. दुप्पट पळायचं असेल तर दहा, म्हणजे पिचिंग वेज. चढ असेल तर एक नंबर खाली, उतार असेल तर एक वर. मे महिन्यात ग्रीन टणक असतात तेव्हा आणि जुलैत ओली असतात तेव्हा हे गणित सारखं लागू पडत नाही. पण सुरुवात करायला आधार लागतो, तो हे देतं.

आणि मी होलच्या पलीकडे जाऊन एकदा उलट्या बाजूनं बघते. लोकांना वाटतं, मी रेष बघतेय. मी बघत असते की पुढचा पट चढावर कुठून मिळेल. आठ फुटांवरून अव्वल व्यावसायिक खेळाडूसुद्धा साधारण निम्मेच पट घालतात. तीन फुटांवरून त्यांचा क्वचितच चुकतो. म्हणजे चिप आठ फुटांवर राहिली की तीनवर, यात अर्धा फटका दडलेला असतो. त्यातही उतारावरच्या तीन फुटांपेक्षा चढावरचे चार मला केव्हाही चालतील, कारण चढावर मनगट मोकळं राहतं.

हे सगळं चेंडूच्या मागे, आणि खरं तर निम्मं चालताना. नियमांची शिफारस अशी की पाळी आल्यावर ४० सेकंदांत फटका मारावा, आणि मागच्या चौघांचा वेळ मी कधी खाल्लेला नाही. मागून पुढे दोन पावलं टाकून चेंडूशी उभी राहिले की विचार बंद. एकदा त्या जागेकडे बघायचं, श्वास सोडायचा, मारायचं.

हा नियम मी मोडला तो दिवस अजून सलतो. महिन्याची स्पर्धा, अठरावा होल, चेंडू ग्रीनच्या डावीकडे कडक जमिनीवर, मध्ये बंकर नाही, काही नाही. मागे उभी असताना ठरलं होतं, नऊ नंबरनं पळवायचा. चेंडूशी उभी राहिल्यावर डोक्यात आलं, सगळे बघतायत, लॉब वेजनं उचलून पिनजवळ टाकू. मागे न जाता मी क्लब बदलला. क्लबच्या कडेची धार चेंडूच्या पोटावर बसली आणि तो ग्रीन ओलांडून पलीकडच्या झुडपात गेला. फटका अवघड नव्हता. मी उभी एका विचारावर होते आणि मारला दुसराच. त्यानंतर शंका आली की मी मागे सरते. पुन्हा दोन पावलं, पुन्हा जागा. सोबतचे थांबतात, आणि मी त्यांची माफी मागत नाही.

तर त्या मुलीनं विचारलं, त्याच दिवशी शेवटच्या होलवर माझा चेंडू ग्रीनबाहेर राहिला होता. मामा बॅग घेऊन शेजारी उभे. मी क्लब मागायच्या आधीच त्यांनी विचारलं, "कुठं पाडताय?" मी बोटानं जागा दाखवली, हरळीचा जरा फिकट डाग होता तिथं. त्यांनी डोळे बारीक करून होलपर्यंत नजर नेली, परत आणली, आणि बॅगेतून आठ नंबर काढून माझ्या हातात दिला.