कानातलं गप्प होतं

तो मंगळवार होता, सातवं सेशन, आणि मी खुशीत होते. जोडपं सुधारत होतं. निदान माझ्या वहीत तरी.

(दोघांना विचारून लिहितेय. ओळख पटेल असं सगळं बदललंय.)

नवरा कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत, अठरा वर्षं फेटलिंगला. म्हणजे साच्यातून निघालेल्या कास्टिंगच्या कडांना राहिलेलं जास्तीचं लोखंड ग्राइंडरनं घासून काढायचं. बायको घरी पिको-फॉल करते. तक्रार तिची. "मी बोलतोय आणि हे आपलं टीव्हीकडं बघत्यात. दहा येळा सांगितलं की अकराव्यांदा हेच वरडत्यात, वरडतीस कशाला म्हणून!" (आमच्याकडं बायकाही 'बोलतोय'च म्हणतात.) गॅरेजला गाडी आणून लावावी तसं तिनं त्याला आणलं होतं. निम्मी जोडपी अशीच येतात.

राजारामपुरीतल्या आमच्या सेंटरच्या बोर्डावर सगळ्यात मोठा शब्द 'होलिस्टिक'. मालकांनी तिबेटी वाट्या आणल्यात. त्यांच्या नादानं चक्रं जुळतात असं ते लोकांना सांगतात, तेव्हा मी खिडकीबाहेर बघते. माझं होलिस्टिक म्हणजे चार पानी फॉर्म. झोप, शिफ्ट, जेवणाच्या वेळा, चहा किती, दारू किती, साखर, पाळी, कर्ज, घरात कोण कोण आणि त्यातलं कोण कुणाशी बोलत नाही. उदास माणसाला आधी थायरॉइड आणि बी-१२ तपासून या म्हणणारी मी. थायरॉइड कमी पडलं तरी माणूस सुस्त नि खिन्न होतो, ते न बघता त्याचं बालपण उकरत बसायचं म्हणजे वेळेची नासाडी. हा फॉर्म मी स्वतः केलाय आणि तीन वर्षं त्याची टिमकी वाजवतेय.

याचे सगळे रिपोर्ट नॉर्मल आले. मग मी कामाला लागले. दीर्घ श्वसन, भ्रामरी आणि आरशाचा सराव. या सरावात समोरासमोर बसायचं, टीव्ही-मोबाइल बंद. एकानं दोन-तीन वाक्यं बोलायची, दुसऱ्यानं तीच आपल्या शब्दांत परत सांगायची, "बरोबर?" विचारायचं आणि मगच आपलं म्हणणं मांडायचं. सांगताना पोरखेळ वाटतो. पण भांडताना माणूस ऐकत नसतो, उत्तर जुळवत असतो. समोरच्याचं परत सांगायचं म्हटलं की ती जुळवाजुळव आपोआप थांबते. चांगली शिकली-सवरलेली माणसं इथं गडबडतात. हा गडी पहिल्या दिवसापासून पटाईत. बायकोच्या तोंडावर नजर रोवून बसायचा आणि जवळजवळ शब्दन् शब्द परत द्यायचा. तिच्या डोळ्यांत पाणी. "असं कधी बघितलंच न्हाई ह्यांनी माझ्याकडं." मी वहीत लिहिलं, 'नजरभेट उत्तम.'

भ्रामरीबद्दल म्हणाला, "ते भारी हाय मॅडम. तेवढा येळ कानातलं गप्प होतं." मी लिहिलं, 'विचार शांत होतात.'

तर त्या मंगळवारी मी दोघांना सतरंजीवर पाठीला पाठ लावून बसवलं. श्वासाची लय हळूहळू जुळते, आणि तोंड दिसत नसल्यानं लाजरी माणसं मोकळी होतात. बाहेर पाऊस, वर पंखा. तिला म्हटलं, या आठवड्यात ह्यांचं काय आवडलं ते सांगा. ती हळूच बोलली, "परवा शाळेत आलासा, पोरगी लई खूश झाली."

तो गप्प. मग म्हणाला, "शाळेची फी? भरली की."

तिची पाठ ताठ झाली. "बघा. हे असं."

मला काय सुचलं कोण जाणे. मी पुढं येऊन बसले, तोंडापुढं फाइल धरली आणि रोजच्या आवाजात विचारलं, "दादा, आज सकाळी काय खाल्लंत?" त्यानं फाइलीकडं बघितलं, मग मान वळवून बायकोकडं. "काय म्हणत्यात?"

चार दिवसांनी ऑडिओमेट्रीचा, म्हणजे कानांच्या तपासणीचा कागद आला. रेघ डावीकडून बरी चालत येते, चार हजार हर्ट्झपाशी विहिरीत पडावी तशी पडते आणि आठ हजारला जराशी वर येते. दोन्ही कान. गोंगाटानं गेलेल्या कानाची ही खूण. आधी बारीक, चढे आवाज जातात. स, श, फ, थ निसटतात, स्वर राहतात. त्यामुळं कुणीतरी बोललं हे कळतं, काय बोललं ते कळत नाही. बायकापोरांचं बोलणं आधी हरवतं. मोठ्यानं बोललं तरी अक्षरं उमटत नाहीत, नुसतं वरडणं पोचतं. आणि कानात रात्रंदिवस किर्र, जी भ्रामरीच्या गुंजनाखाली झाकली जायची. माणूस कान म्हणाला होता, मी मन लिहिलं.

गोंगाटानं येणारं बहिरेपण कायद्यानं नोंद करायच्या रोगांत घातलेलं आहे. याच्या कंपनीत दरवर्षी तपासणी होते. वजन, बीपी, सही. इअरप्लग दिलेत, ते लॉकरात. पण कंपनीला नावं ठेवताना माझीच जीभ अडखळते. कर्ज विचारणाऱ्या माझ्या चार पानांत कान कुठं होते? आणि आरशाचा सराव चालला तो तरी कशामुळं? शांत खोली, समोर तोंड, एका वेळी एकानंच बोलायचं. त्याला ओठ वाचता येत होते, एवढंच. घरी ती कुकरच्या शिट्टीत, पाठमोरी बोलायची.

मालक मात्र खूश. "बघा, हाच आपला होलिस्टिक अप्रोच!"

रिपोर्ट समजावला तेव्हा तो हसलाच. "म्हंजे मी येडा न्हाई तर." श्रवणयंत्राची किंमत विचारली, त्यासाठी कुठला दाखला लागंल का विचारलं. ती बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. मग त्याच्याकडं न बघता मला म्हणाली, "दोन वर्षं झाली. रात्री लाईट बंद केल्यावर मी ह्यांना एक इचारलो हुतो. हे कूस बदलून झोपले. तवा ह्यांना ऐकू आलं असंल का न्हाई?"

पन्नास-शंभर पेशंट बघितल्यावर असल्या प्रश्नांना तोंडावर उत्तर यावं. नाही आलं.

त्यानं तिच्या खांद्याला हात लावून तिला आपल्याकडं वळवलं आणि तिच्या ओठांकडं बघत विचारलं, "काय इचारलं हुतंस?"

"काय न्हाई," ती म्हणाली. आणि मला, "पुढचा मंगळवार द्या, मॅडम. जरा लवकरचा."