धरमपेठच्या काकांचा तिसरा रिसिव्हर

मे महिन्यात दुपारी १२ ते ४ मी शक्यतो कोणाच्या घरी कामाला जात नाही, नागपूरचं ऊन काय असते ते इथल्या माणसाला सांगायला नको. पण त्या दिवशी साडेबाराला फोन आला, पलीकडून एक वयस्कर आवाज, "दोन रिसिव्हर झाले आमचे, आता तिसरा कोणता घेऊ तेवढं सांगून द्या, घरी यायची काही गरज नाही." दोन? रिसिव्हर म्हणजे होम थिएटरचा मुख्य डबा, टीव्ही वगैरेचा आवाज घेऊन सगळे स्पीकर चालवणारा. विचारलं किती दिवसांत, तर म्हणे वर्ष पण नाही झालं. म्हटलं काका, फोनवर नाही सांगत, मी येतो. हेल्पर पोराला बॅग उचलायला लावली आणि दुपट्टा बांधून निघालो.

१४ वर्षं होम थिएटर लावून राहिलो मी, आणि लोक रिसिव्हर बदलताना सगळ्यात आधी पुढची बाजू बघतात. किती चॅनल, किती वॅट, कोणते लोगो. मी आधी मागची बाजू बघतो. तिथे काय काय लागलेलं आहे, त्याच्यावरून ठरते नवीन कोणता येणार. हे त्या दिवशी जितकं पटलं तितकं आधी कधीच नव्हतं पटलं, म्हणून लिहून राहिलो.

धरमपेठेतलं जुनं घर, जाड भिंती, खिडकीत मोठा कूलर. काका रेल्वेच्या इलेक्ट्रिकल खात्यातून रिटायर झालेले. हॉलमध्ये दोन उंच फ्लोअरस्टँडिंग स्पीकर, मधे सेंटर, मागे दोन छोटे, कोपऱ्यात सबवूफर. बाजूला टर्नटेबल, म्हणजे रेकॉर्ड प्लेअर, आणि लाकडी पेटीत एलपी अशा ओळीने लावलेल्या की एखादी काढायला हात धजू नये.

काकांनी सांगितलेलं असं. मागच्या जूनमध्ये जोराची वीज पडली, त्यात जुना रिसिव्हर गेला. दुकानदार म्हणाला एचडीएमआय बोर्ड उडाला, पार्ट मिळत नाही, नवीन घ्या. घेतला. पिक्चर सुरू करून वीसेक मिनिटं झाली की आपोआप बंद. दुकानदाराने पीस बदलून दिला, त्याच मॉडेलचा. तोही बंद. मग म्हणे तुमच्या घरची लाईन खराब आहे, स्टॅबिलायझर लावा. तोही लावला. "हिवाळ्यात जरा बरा चालला," काका म्हणाले, "मार्चपासून पुन्हा तेच होऊन राहिलं."

हिवाळ्यात बरा, मार्चपासून वाईट. इथेच अर्धं काम झालं होतं.

टीव्ही युनिट बघितलं. नवीन बनवलेलं, सुंदर काम, पण समोर काचेचं दार, मागे पूर्ण प्लाय, वायरपुरतं एक भोक, आणि रिसिव्हरच्या डोक्यावर सेट-टॉप बॉक्स ठेवलेला. पंधरा मिनिटं मोठ्या आवाजात चालवला आणि दार उघडलं तर तोंडावर वाफ आल्यासारखी हवा. पोरगा काटोलकडचा, झाकणाला हात लावून म्हणे, "दादा, भल्लं तापलं ना हे." तापमान मोजायची गन लावली, ६३ डिग्री. बाहेर ४४, आत बंद कपाट. रिसिव्हरमधला नेहमीचा क्लास एबी अँप असतो ना, आवाज मोठा करून स्पीकरला देणारा भाग, तो घेतलेल्या विजेचा मोठा हिस्सा उष्णता म्हणूनच सोडतो, ती बाहेर जायला वाटच नव्हती.

पण फक्त कपाटाचं असतं तर मी दार काढून घरी गेलो असतो. उंच स्पीकर पुढे ओढून मागची पाटी वाचली, ४ ओहम. ओहम म्हणजे स्पीकर विजेला किती अडवतो त्याचं माप. रिसिव्हरच्या मागे स्पीकर टर्मिनलजवळ बारीक अक्षरात लिहिलेलं, ६ ते १६ ओहम. मी काकांना टॉर्च धरून दोन्ही वाचायला लावलं. माणूस इलेक्ट्रिकलचा, मला पुढे बोलावंच लागलं नाही, तेच म्हणाले, "म्हणजे २० व्होल्टला ८ ओहममधून अडीच अँपिअर जाते, आणि ४ मधून ५. दुप्पट." बरोबर तेच. करंट दुप्पट, वर बंद कपाट, वर मे महिना, बिचारा प्रोटेक्शनमध्ये जाणार नाही तर काय. तो खराब नव्हताच, दोन्ही वेळेस नव्हता, स्वतःला वाचवून राहिला होता. आणि लाईनचं म्हणाल तर मी मीटर लावून बघितलं, व्होल्टेज व्यवस्थित होतं.

हे सगळं झाल्यावर मी सहज टर्नटेबलकडे बघून विचारलं, हे वाजवता का? काकू आतून म्हणाल्या, "नाही हो, त्या रेकॉर्डी खराब झाल्या. देऊन टाकायच्या आहेत कोणाला तरी." काका काही बोलले नाहीत.

मला चैन पडेना. टर्नटेबलची वायर हाताने धरत धरत मागे गेलो तर ती ऑक्समध्ये, म्हणजे सीडी प्लेअरसारख्या वस्तूंच्या साध्या इनपुटमध्ये. झालं. रेकॉर्डच्या सुईतून येणारा सिग्नल साधारण ५ मिलिव्होल्ट असतो, सीडी प्लेअरच्या मानाने शेकडो पटीने लहान. आणि रेकॉर्ड कापतानाच खर्ज मुद्दाम दाबलेला असतो, वरचा आवाज वाढवलेला असतो, नाहीतर खाचा इतक्या रुंद होतील की एका बाजूला गाणं मावणार नाही. वाजवताना ते उलटं करावं लागतं. १९५४ पासून त्याचं एक ठरलेलं प्रमाण आहे, आरआयएए, आणि ते काम फोनो इनपुट करते. ह्या रिसिव्हरला फोनो इनपुटच नव्हतं. ऑक्सला लावलं की आवाज येतो, पण दूरच्या रेडिओसारखा, बारीक, चरचरणारा. माणसाला वाटते रेकॉर्ड गेली.

माझ्या बॅगेत टेस्टिंगसाठी छोटा फोनो प्रीअँप असतो, काडेपेटीहून थोडा मोठा डबा. मधे लावला, अर्थिंगची वायर कसली, आणि काकांना म्हटलं तुमच्या हाताने लावा कोणतीही. त्यांनी शास्त्रीय गाण्याची एक काढली. तानपुऱ्याचा खर्ज भरून आला हॉलमध्ये. काकू कणकेच्या हाताने बाहेर आल्या आणि दारातच उभ्या राहिल्या. काका माझ्याकडे बघत नव्हते, पेटीकडे बघत होते. जवळपास वर्षभर त्यांनी मानून टाकलं होतं की ३०० रेकॉर्डी संपल्या, आणि कमी होता फक्त एक डबा.

मग मी तो प्रश्न विचारला जो विचारायला नको होता कदाचित. जुना रिसिव्हर वीज पडल्यावर पूर्ण बंद झाला होता का? "नाही ना. टीव्हीवर चित्र यायचं नाही फक्त. एफएम लागायचा, रेकॉर्डी वाजायच्या." कुठे आहे तो? एक्स्चेंजमध्ये गेला, दीड हजारात.

खोटं बोलता आलं नाही. सांगितलं की काका, एफएम आणि रेकॉर्डी वाजत होत्या म्हणजे त्याचा अँप धडधाकट होता, तुमच्या ४ ओहमच्या स्पीकरला झेपणारा होता. टीव्हीतून ऑप्टिकल केबल लावून साधं डॉल्बी डिजिटल ५.१, म्हणजे पाच स्पीकर आणि एक सबवूफर, त्याच्यावर आलं असतं, अजून काही वर्षं आरामात चालला असता. ते बराच वेळ गप्प होते. मग एवढंच म्हणाले, "मग कोणी सांगितलं काहून नाही?" मला अजून राग येतो त्या गोष्टीचा. पार्ट मिळत नाही हे खरं असेल, पण माणसाला दोन पर्याय आहेत हे सांगायला काय लागते?

तर तिसरा. हैदराबादहून मुलगा व्हिडिओ कॉलवर आला, त्याने ९ चॅनलचा बघून ठेवला होता, ॲटमॉसवाला, म्हणजे डोक्यावरून पण आवाज देणारा, खोक्यावर १५० वॅट. मी त्याला खालची बारीक ओळ वाचायला सांगितली : ६ ओहम, १ किलोहर्ट्झ, एकच चॅनल चालू, १० टक्के डिस्टॉर्शन. १० टक्के म्हणजे आवाज चक्क फाटलेला असतो. आकडा वाचायचा तर ८ ओहम, २० ते २० हजार हर्ट्झ, दोन चॅनल चालू, आणि डिस्टॉर्शन ०.१ टक्क्याच्या आत, हा वाचायचा, तो लहान असतो पण खरा असतो. आणि ८० वॅट ऐवजी १०० घेतले तर फरक जेमतेम १ डेसिबलचा, कानाला कळतही नाही. छतात स्पीकर बसवणार आहात का? नाही. मग ९ चॅनलचे पैसे कशाला? मुलगा समजदार होता, म्हणाला तुम्ही ठरवा, बाबांच्या रेकॉर्डी वाजल्या पाहिजेत.

मग ठरलं असं की मॅन्युअलमध्ये ४ ओहम स्पष्ट लिहिलेलं पाहिजे, फोनो इनपुट पाहिजे, आणि ई-आर्क पाहिजे, म्हणजे टीव्हीचा आवाज एचडीएमआय केबलनेच रिसिव्हरकडे आणायची सोय, कारण टीव्ही नवीन होता आणि त्याच्यातूनच सगळं येणार. वजन पण मी बघतोच, चांगला ट्रान्सफॉर्मर हलका नसतो. ७ चॅनलचा एक बसला ह्याच्यात. त्यांचा दुसरा रिसिव्हर मी मनीष नगरच्या एका गिऱ्हाईकाला लावून दिला, ८ ओहमचे छोटे स्पीकर, उघडी शेल्फ, आजपर्यंत एकदाही बंद नाही पडला. त्या पैशांत काकांचा भार थोडा हलका झाला.

पाच दिवसांनी फिटिंग. सुताराने काचेचं दार उतरवलं, मागचा प्लाय कापला, सेट-टॉप बॉक्स बाजूला, डोक्यावर वीतभर जागा मोकळी. मग माइक लावून कॅलिब्रेशन, म्हणजे रिसिव्हर स्वतःच प्रत्येक स्पीकरचं अंतर आणि आवाज मोजून जुळवतो. आता ह्याला शांतता लागते, म्हणजे कूलर बंद, पंखा बंद, मे महिन्यात. काकू शेजारी निघून गेल्या, मी, पोरगा आणि काका घामाने निथळत अर्धा तास, माइक एका जागेवरून दुसऱ्या जागी, स्पीकरमधून तेच ते सूं सूं आवाज. काका हलले नाहीत. रिझल्ट आल्यावर टेप घेऊन आले, सगळे स्पीकर मोजले, सगळं जुळलं, सबवूफर सोडून. अंतर ९ फूट, मशीन दाखवते १४. "हे चुकलं तुमचं." म्हटलं नाही काका, सबवूफरच्या स्वतःच्या सर्किटमध्ये आवाजाला थोडा उशीर होतो, मशीन तो उशीर अंतरात धरते, ते १४ तसंच राहू द्या. त्यांनी वहीत लिहून घेतलं.

त्या संध्याकाळी पूर्ण पिक्चर चालला. मी दोन तासांनी गन लावली, झाकण ४८.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा फोन, माझ्या छातीत धस्स झालं. पण काका म्हणाले, "कूलर चालू असला की हिला डायलॉग नीट ऐकू येत नाही. सेंटर दोन डीबी वाढवला तर चालेल का?" म्हटलं चालेल, वाढवा. पावसाळा लागला, कूलर बंद झाला की परत खाली आणा. ते म्हणाले लिहून ठेवतो.