पाण्याच्या पीयूतला रवा: कारण सापडलं

पाण्यात मिसळणाऱ्या पीयूचा (पॉलियुरेथेन, लाकडावरचं वॉर्निश) थर सुकला की त्यात रव्यासारखे कण दिसत होते. हा रवा कुठून येत होता ते एकदाचं सापडलं. मागच्या तीन अपडेटमध्ये ज्या सागवानी ट्रेवरच्या या त्रासाबद्दल लिहिलं, त्यावर काल रात्री तिसरा कोट काचेसारखा बसला. बोट फिरवलं तरी कुठे अडकत नाही. ४०० नंबरचा पॉलिश पेपर लावायची वेळच आली नाही!

माझा संशय पीयूत मिसळायच्या बोअरच्या पाण्यावर होता. आपल्या डब्यातलं पीयू अ‍ॅनायॉनिक, म्हणजे त्याच्या कणांवर ऋण भार. त्याच्या रेणूंच्या साखळीत, बहुतेक डीएमपीए या आम्लातून आलेले, कार्बॉक्सिल गट (आम्लगट) असतात. अमाइनने (अमोनियाच्या जातीचा अल्कली) ते उदासीन केले की त्यांच्यावर ऋण भार येतो आणि कण एकमेकांना दूर ढकलत पाण्यात तरंगत राहतात. आम्ल, कॅल्शियम (जड पाण्यात असतं ते) किंवा उलटा भार मिळाला की ही ढकलाढकल संपते आणि कण चिकटतात. म्हणून बॅटरीत घालायचं क्षारविरहित पाणी आणलं. रवा थोडा कमी झाला, गेला नाही. मलमलीतून गाळलं, नवा डबा फोडला, तरी तेच.

शेवटी चार वाट्या मांडल्या आणि प्रत्येकीत दोन चमचे पीयू घेतलं. बॅटरीच्या पाण्यात दुधासारखंच राहिलं. बोअरच्या पाण्यात सकाळपर्यंत तळाशी किंचित साका. व्हिनेगरने लगेच दही. चौथ्या वाटीत ब्रश खळबळलेलं पाणी घातलं, तर दूध नासावं तशा गुठळ्या!

ब्रशचे केस मऊ राहावेत म्हणून मी तो कपड्यांच्या कंडिशनरमध्ये भिजवून ठेवत होतो. कंडिशनर कॅटायॉनिक, म्हणजे धन भाराचा, तो केसांना धरून बसतो आणि साध्या धुण्याने निघत नाही. खात्रीसाठी स्वच्छ पीयूत त्याचा एक थेंब टाकला, तशाच गुठळ्या. आता नवा ब्रश, फक्त साबणाचं पाणी. डब्यावर ‘अ‍ॅनायॉनिक’ एवढा एक शब्द छापला असता तर माझे तीन आठवडे वाचले असते. दुकानदाराने तर ‘काहीही मिसळा, चालतं’ असं सांगितलं होतं. तांत्रिक पत्रक मागून घ्याच.

दुसरी गोष्ट अजून सुटलेली नाही. दोन दिवसांच्या कोटवर गार पाण्याचा पेला रात्रभर राहिला आणि पांढरी कडी उमटली. मुळात हेच कार्बॉक्सिल गट पाणी ओढतात. ते जास्त असले की कण बारीक होतात, द्रव निळसर पारदर्शक दिसतो, पण थर तहानलेला राहतो. अमाइन उडून गेलं की गट पुन्हा आम्लरूपात येतात आणि तहान कमी होते. सोडियमने उदासीन केलं असेल तर सोडियम थरातच राहतो. त्यामुळे आठवडाभर थांबून पुन्हा पेला ठेवणार होतो.

पण लिहिता लिहिता सुचलं: कार्बोडायइमाइड क्रॉसलिंकर (साखळ्या एकमेकींना जोडणारं रसायन) याच आम्लगटांना बांधतो! मग चौथा कोट थांबवतो. त्याच फळीचे दोन तुकडे कापून ठेवलेत. एकावर क्रॉसलिंकर घालून, दुसऱ्यावर न घालता. पेले पुढच्या रविवारी ठेवतो, फोटो सोमवारी.